नानांचे जलदफ्तर

ज्या गृहस्थाने पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत परक्यांच्या जमाखर्चाची रुजुवात घेण्यात घालविली, त्याला निवृत्तीनंतर स्वतःच्या घरात काहीही बिनहिशेबी वाहताना बघवू नये, हे ओघानेच आले. आणि घरात वाहण्याजोगे एक पाणीच उरलेले असल्यामुळे आमच्या नानांची वक्रदृष्टी अखेर न्हाणीघरातील शॉवरवर जाऊन स्थिरावली.

नानांना कृपण म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरले, तेव्हा नाना पहिलीत होते. एवढे पाणी एका दिवसात, कोणाच्याही सहीवाचून खर्ची पडलेले ज्याने पाहिले, तो पुढे थेंबाथेंबाची वसुली करू लागला तर त्यात नवल ते काय!

जुना शॉवर म्हणजे पितळेची परातीएवढी चाळणी. तो बडतर्फ करण्यापूर्वी त्याची रीतसर चौकशी झाली. खाली २० लिटरांची बादली, हातात घड्याळ. बादली दोन मिनिटांत भरली, म्हणजे मिनिटाला १० लिटर. एका मोजणीवर विसंबणे लेखापरीक्षकास शोभत नाही म्हणून आणखी दोनदा, आणि पंच म्हणून मला बोलावून चौथ्यांदा. हे ८० लिटर मोरीतून गेले.

"अहो, माझी रोज एका बादलीत आंघोळ होते," काकू दारातून म्हणाल्या, "तीत आणखी काय वाचवणार?"

हा मुद्दा लेखी स्वरूपात न आल्यामुळे विचारात घेण्यात आला नाही.

दुकानातून आलेल्या नव्या शॉवरच्या खोक्यावर 'मिनिटाला ६ लिटर' असे ठळक छापले होते. त्याखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत 'दाब ३ बार' असेही होते. इतरांच्या बिलांतील पाच पैशांची तफावत ज्यांच्या नजरेतून कधी सुटली नाही, त्या नानांच्या नजरेतून नेमकी हीच ओळ सुटली. आता, पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ असेल तेव्हा कोठे एक बार दाब मिळतो. नानांचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर आणि गच्चीवरील टाकी शॉवरच्या जेमतेम अडीच मीटर वर, म्हणजे वाट्याला आला पाव बार. जुनी चाळणी आपल्या ऐसपैस छिद्रांच्या जोरावर या दारिद्र्यातही नांदत होती. नव्याला ते कोठून जमणार? तीच बादली भरायला आता अकरा मिनिटे लागली. नानांनी ती प्रसन्न मुद्रेने नोंदवून घेतली.

त्यातच मे महिन्यात टँकरचे, बोअरचे जड पाणी सुरू झाले आणि क्षारांनी छिद्राछिद्रांत ठाणी वसविली. एक धार भिंतीकडे, एक खिडकीकडे आणि एक, नेम धरल्यासारखी, नानांच्या डाव्या डोळ्यात. तेव्हापासून दर रविवारी शॉवरची हजामत होते. पान्ह्याचे दात उमटू नयेत म्हणून भोवती फडके गुंडाळून तो उतरवायचा, आतली जाळी जुन्या टूथब्रशाने घासायची, मग काकूंचा कोशिंबिरीचा वाडगा जप्त करून त्यात व्हिनेगर ओतायचे आणि शॉवर पालथा बुडवायचा. चुन्यावर आम्ल पडून बारीक बुडबुडे फसफसू लागले की नाना स्टुलावर बसून, सत्यनारायणाची कथा ऐकावी तशा भाविकतेने, ते पाहत राहतात. शेवटी आट्यांवर टेफ्लॉनची टेप चढते; ती उलटी गुंडाळली गेली की शॉवर बसविताना सुटून येते, आणि त्याचे खापर काकूंच्या हाक मारण्यावर फुटते.

परवा सकाळी मी चहाला बसलो असताना न्हाणीघरातून साबणाने भरलेला आवाज आला, "अगं, ऐकलंस का? तांब्या दे जरा."

काकू उठल्या नाहीत. बादली भरून, तांब्या वर पालथा घालून, त्यांनी मघाशीच दाराशी ठेवली होती.

संध्याकाळी नानांची वही सहज चाळली. त्या तारखेपुढे सुवाच्य अक्षरात नोंद होती : 'शॉवर, खर्च ११ लिटर.' आणि शेऱ्याच्या रकान्यात : 'बादली १, तांब्या १. तसलमात.'