मिक्सिंगवाले

गारगोटीत लग्न लागतं अक्षता पडल्यावर, पण घरच्यांच्या लेखी ते पार पडतं लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग हातात आल्यावर. आणि तोवर बहुधा बारशाचं चाललेलं असतं. मधल्या काळात सगळ्या पाहुणेमंडळींना ताटकळत ठेवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असतो. जिन्याखालचा गाळा, कॉम्प्युटरसाठी घेतलेला एसी, गळ्यात हेडफोन आणि ओठांवर कायमचं एक उत्तर : "झालंच की मामा, रेंडरला लावलंय!"

मिक्सिंगवाल्यांचा सगळा संसार तीन कळांवर चालतो : कंट्रोल, ऑल्ट आणि व्ही. प्रीमिअर प्रोमध्ये एका क्लिपला रंग, झूम, धूसरपणा असं सगळं नटवायचं, ती कॉपी करायची, पुढच्या झाडून सगळ्या क्लिपा निवडायच्या आणि या कळा दाबायच्या. 'पेस्ट अ‍ॅट्रिब्यूट्स' नावाची खिडकी उघडते. मोशन, ओपॅसिटी, टाइम रीमॅपिंग, व्हॉल्यूम, इफेक्ट्स... यातलं काय न्यायचं आणि काय ठेवायचं, असं ती अदबीनं विचारते. मिक्सिंगवाले ते वाचत नाहीत. एंटर मारतात. "वाचत बसलो तर तुळशीच्या लग्नापासनं पावसापातूरचा सीझन कोन काढनार?"

पहिल्या क्लिपवर मात्र ते जीव ओततात, हे मान्य करायला हवं. अंतरपाट दूर झाला, नवरीनं नजर वर केली. ती चौकटीत डावीकडे होती, म्हणून झूमही अलगद डावीकडे नेला. देखणं काम! पण झूमला नवरी कळत नाही, फक्त जागा कळते. तोच झूम पंगतीला चिकटला की कॅमेरा जेवणाऱ्या पाहुण्यांना ओलांडून मोठ्या प्रेमानं डावीकडच्या भाताच्या घमेल्याकडे सरकतो आणि घमेलं पडदाभर होतं. ओपॅसिटीबरोबर बदामाच्या आकाराचा मास्कही जातो, त्यामुळे पुढच्या प्रसंगात बदामात जनरेटर येतो. एका क्लिपखाली गाणं टाकायचं म्हणून तिचा मूळ आवाज बंद केलेला असतो. तो व्हॉल्यूम पुढे गेला की मंगलाष्टका मुक्या होतात आणि भटजी नुसतेच जबडा हलवतात. सगळ्यात वाईट टाइम रीमॅपिंग. मानपानावरून रुसलेले एक थोरले मामा खुर्चीवरून उठले, ते स्लो मोशनमध्ये. मांडवात अर्ध्या मिनिटात मिटलेला रुसवा टीव्हीवर इतका लांबला, की घरात तो नव्यानं सुरू झाला.

प्री-वेडिंगलाही सुटका नाही. भुदरगडावरच्या दूधसागर तळ्याचं पाणी पांढुरकं, म्हणून तर ते नाव. मिक्सिंगवाल्यांच्या हाताखालून गेलं की ते मालदीवसारखं निळं होतं, आणि त्याच रंगात पुढे नवऱ्याची आजी.

कुणी टोकलंच तर ते थेट इतिहासात शिरतात. "सावकारी पाश कुठं झाला? कोल्हापुरात! प्रभात कुठं निघाली? कोल्हापुरात! आमाला शिकवता व्हय?" इतिहास बरोबर आहे. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' हा मूकपट १९२५ चा, 'प्रभात फिल्म कंपनी' १९२९ ची. आणि जगभरच्या मूकपटांत रात्र दाखवायला फिल्मचा अख्खा तुकडा निळ्या रंगात बुडवायची रीत होती, म्हणजे पेस्टचं खानदान चांगलं जुनं आहे. फक्त तेव्हा रात्रीचाच तुकडा निळा करत, दुपारची पंगत नव्हे.

पण दोष एकट्या मिक्सिंगवाल्यांना द्यायला माझा जीव होत नाही, कारण गिऱ्हाईक काय मागतं ते गाळ्यात उभं राहून ऐकावं. "गेल्या महिन्यात आमच्या पाव्हण्यांचं केलं न्हवं, डिट्टो तसंच करा. गाणी तीच, ड्रोन तसाच. फक्त मानसं आमची घाला." पत्रिका तीच, शालू त्याच रंगाचा, कमान तीच, नाचही रीलमध्ये बघितलेला. मांडवातच सगळं पेस्ट होऊन आलेलं असतं; गाळ्यात उरतं ते एंटर मारणं. अशा लग्नासाठी मिक्सिंगवाल्यांनी नवा झूम शोधावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

म्हणून मिक्सिंग द्यायला जाल तेव्हा कलेविषयी बोलू नका, घाईही करू नका. चहा मागवा आणि ती खिडकी उघडली की एवढंच सांगा : "मोशन, व्हॉल्यूम आणि टाइम रीमॅपिंगची खूण काढा. बाकी राहू दे."