बिनपगारी कारभारी

हरणाऱ्या संघाच्या चाहत्याकडे लोक दोनच नजरांनी बघतात. काहींना त्याची कीव येते, काहींना त्याच्या निष्ठेचं कौतुक वाटतं. जपानच्या ओसाका-कोबे पट्ट्यातला हानशिन टायगर्स या बेसबॉल संघाचा चाहता या दोन्हींना पात्र नाही, असं माझं ठाम मत आहे. हा गृहस्थ दुःखी नाही आणि संत तर मुळीच नाही. तो कामात आहे. संघ हरायला लागला की याला नोकरी लागते. पगार नाही, रजा नाही, निवृत्तीचं वय नाही, पण अधिकार मात्र सगळे. पिचर कधी बदलावा, तिसऱ्या बेसवर कुणाला उभं करावं, मॅनेजरने चष्मा बदलावा का, यांतल्या कुठल्याही प्रश्नावर त्याचा निकाल तयार असतो. संघ जिंकत असला की हे निकाल कोणी विचारत नाही आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते सुचत नाहीत. लग्नघरात सगळं वेळेवर पार पडलं की वडीलधाऱ्या काकांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहावं लागतं. भात कमी पडला की तेच काका बाह्या सरसावून उठतात आणि पुढचा तासभर सगळं घर त्यांच्या तालावर नाचतं. टायगर्सच्या घरी भात फार वेळा कमी पडलेला आहे.

किती वेळा, ते बघण्यासारखं आहे. संघाची स्थापना 1935 सालची. सेंट्रल लीगचा आणि पॅसिफिक लीगचा विजेता यांच्यात जपान सिरीज होते ती 1950पासून. त्यात टायगर्स आजवर दोनदाच जिंकले, 1985मध्ये आणि 2023मध्ये. मधल्या काळातही 1987 ते 2001 ही पंधरा वर्षं खास आहेत. सेंट्रल लीगमध्ये संघ सहा, आणि या पंधरा वर्षांत टायगर्स दहा वेळा सहावे आले. यातले शेवटचे चार सहावे क्रमांक तर लागोपाठचे. एवढ्या सातत्याने एखादी गोष्ट करायची म्हणजे त्यालाही शिस्त लागते. या काळात कोबेच्या ‘डेली स्पोर्ट्स’ या दैनिकाने आपला धर्म सोडला नाही: संघ जिंको अथवा हरो, पहिलं पान टायगर्सचं. आपल्या कारभाऱ्याच्या दृष्टीने हा पेपर म्हणजे रोजची हजेरीवही. जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी तो फोटो बघतो आणि घडी घालतो. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र तो पेपर लोकलमध्ये उघडतो, सातव्या इनिंगपाशी बोट ठेवतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतो, “तेव्हाच बदलायला नको होता का पिचर?” शेजारचाही त्याच नोकरीत असल्यामुळे उत्तरात ओसाका स्टेशन येतं.

त्याला कोशिएन स्टेडियममध्ये बघावा. 1924मध्ये उघडलेलं, बाहेरच्या भिंतींवर वेल चढलेलं, इनफिल्डला अजून काळ्या मातीचं हे मैदान. हा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सदरा घालून, हातात प्लास्टिकच्या दोन छोट्या बॅटी घेऊन बसतो. त्या एकमेकींवर आपटून संघाला धीर देता येतो आणि संघाने अब्रू घालवली तर समोरच्या रेलिंगवरही आपटता येतात. 2020च्या साथीआधी सातव्या इनिंगला तोंडाने फुगवलेला लांबट फुगा सोडला जायचा, तो शिट्टी घालत वर जायचा. स्कोअर 0-9 असला तरी फुगा सोडायचाच. मग ‘रोक्को ओरोशी’ हे 1936चं संघगीत. रोक्को डोंगरावरून खाली येणाऱ्या वाऱ्याच्या नावाने तो घसा फोडून गातो, आणि गाणं संपलं की समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला शिव्या देतो, कारण हा समुद्रवारा उजव्या बाजूने आत येऊन डावखुऱ्या फलंदाजांचे उंच फटके अडवतो. आपल्या एका वाऱ्याची आरती आणि दुसऱ्याचा उद्धार, तेही एकाच बैठकीत, इतका व्याप सांभाळणाऱ्या माणसाला निष्क्रिय प्रेक्षक म्हणणं अन्यायाचं होईल.

वारा हे तर नुसतं सबबींचं खातं उघडणं झालं. ऑगस्टमध्ये कोशिएन शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला द्यावं लागतं आणि टायगर्स आपल्याच घरातून बाहेर पडतात. या दौऱ्याला चाहत्यांनी ‘मृत्यूची वाट’ असं भारदस्त नाव दिलंय. आता त्या दिवसांतले काही घरचे सामने ओसाकाच्या छपरबंद डोममध्ये होतात, म्हणजे कारण निम्मं तरी बाद झालं, पण जुनं कारण टाकून द्यायला हा काही उधळ्या नव्हे. 2005च्या जपान सिरीजमध्ये चिबा लोत्ते मरीन्सने टायगर्सना चार सामन्यांत सरळ गुंडाळलं. चारही सामन्यांच्या धावा मिळून 33-4. पहिला सामना सातव्या इनिंगमध्ये धुक्यामुळे थांबवावा लागला होता, आणि कारभाऱ्याच्या दप्तरात त्या मालिकेच्या नावापुढे ‘धुकं’ अशी नोंद आहे. धुकं उतरलं तेव्हा स्कोअर 1-10 होता, हे त्याला माहीत नसतं असं नाही. पण धुक्याबाबत काहीतरी करता आलं असतं, असं त्याचं म्हणणं असतं, आणि नऊ धावांच्या फरकाबाबत कोणी काय करणार?

यावरून त्याला कोणी आत्मवंचक म्हणेल. मला तसं वाटत नाही, कारण त्याची स्मरणशक्ती भलतीच काटेकोर आहे. 11 सप्टेंबर 1992, समोर याकुल्ट स्वालोज, शर्यत ऐन भरात. टायगर्सच्या यागीचा फटका कुंपणापलीकडे गेला, पंचांनी होमरन दिला, सामना जिंकला, कोशिएन वेडं झालं. मग याकुल्टने हरकत घेतली: चेंडू आधी कुंपणावर आपटून पलीकडे गेला. पंचांनी निर्णय फिरवला. सामना पंधरा इनिंगपर्यंत रखडला आणि सहा तास सव्वीस मिनिटांनी 3-3 असा बरोबरीत सुटला. त्या वर्षीचं विजेतेपद याकुल्टकडे गेलं. हा सामना तो आजही चेंडूगणिक सांगतो, पंच कुठे उभा होता इथपासून. आता 1999 घ्या. तो हंगाम टायगर्सनी सहाव्या क्रमांकावर संपवला, पण तो हे मुळी सांगतच नाही. तो सांगतो 12 जूनची रात्र. योमिउरी जायंट्सचा पिचर माकिहारा टायगर्सच्या शिंजोला मुद्दाम लांब चेंडू टाकून फुकटात पहिल्या बेसवर पाठवत होता. शिंजोने हात लांबवून तो बाहेरचाच चेंडू मारला आणि बाराव्या इनिंगमध्ये सामना जिंकून दिला. याच माकिहाराला 1985च्या एप्रिलमध्ये बास, काकेफू आणि ओकादा यांनी ओळीने तीन होमरन मारले होते, हेही तो जाता जाता जोडतो. पुढारलेला माणूस असता तर त्याने आयुष्यात विजेतेपदं मोजली असती. हा माकिहाराचे अपमान मोजतो, आणि त्याचा हिशेब जुळतो.

त्याच्या कारभाराचा कळस म्हणजे शाप. 16 ऑक्टोबर 1985ला टायगर्सनी लीग जिंकली आणि ओसाकातल्या दोतोनबोरीच्या पुलावर गर्दी लोटली. एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं आणि त्याच्यासारखा दिसणारा चाहता खालच्या कालव्यात उडी मारणार, असा कार्यक्रम ठरला. अमेरिकन दाढीवाल्या रँडी बासच्या नावाला गर्दीत कोणी गोरा सापडेना. तेव्हा जवळच्या केंटकी फ्राइड चिकनच्या दारातला कर्नल सँडर्सचा पुतळा उचलून पाण्यात टाकला. त्यानंतर संघाची जी दैना झाली ती कर्नलच्या शापामुळे, अशी श्रद्धा रूढ झाली. पुतळा बुडवल्यानंतर पंधरवडा उलटताच टायगर्सनी सेइबू लायन्सना हरवून जपान सिरीज जिंकली, म्हणजे शापाची सुरुवातच वरदानाने झाली. 2009मध्ये पुतळा गाळातून वर आला, चष्मा आणि डावा हात सोडून. त्यानंतरही चौदा वर्षं विजेतेपद आलं नाही. पुराव्याच्या दृष्टीने ही केस पहिल्याच तारखेला निकाली निघावी. पण शापाचा उपयोग निराळा आहे. शाप नसेल तर संघ हरतो कारण पिचर थकले, फलंदाज म्हातारे झाले, मालकाने पैसा सोडला नाही. यात आपल्या गृहस्थाचा काय संबंध? शाप असेल तर मात्र संघ हरतो याच्यामुळे, कारण पुतळा टाकणारे हात खेळाडूंचे नव्हते, चाहत्यांचे होते. बिनकामाचा ठरण्यापेक्षा त्याला गुन्हेगार ठरणं परवडतं. म्हणूनच 2023च्या विजयानंतर केंटकी कंपनीने जीर्ण झालेल्या पुतळ्याला निरोप दिला तेव्हा काही जणांना खरोखर चुटपुट लागली असणार.

यावर कोणी म्हणेल, छे, हे सगळं पांडित्य झालं. माणूस गावच्या संघाला धरून असतो, त्याला दुसरा पर्यायच कुठे आहे? हा आक्षेप वजनदार आहे, पण भूगोल त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. या पट्ट्यात रेल्वे कंपन्यांच्या मालकीचे संघ एक नव्हे, चार होते: हानशिन, हान्क्यू, नानकाई, किंतेत्सू. हान्क्यू ब्रेव्हजचं मैदान कोशिएनच्याच गावात, निशिनोमियात, होतं, आणि त्यांनी 1975 ते 1977 अशी सलग तीन वर्षं जपान सिरीज जिंकली. नानकाई हॉक्सचा एकेकाळी पॅसिफिक लीगमध्ये दरारा होता. 1988 साली नानकाई आणि हान्क्यू या दोन्ही कंपन्यांनी आपापले संघ विकून टाकले. हॉक्स फुकुओकाला गेले. त्याच वर्षी हानशिन टायगर्स सहावे आले होते आणि त्यांना विकण्याचं कोणाच्या मनातही नव्हतं. किंतेत्सूचा संघ पुढे 2004मध्ये ओरिक्समध्ये विलीन झाला. म्हणजे जिंकणारे शेजारी एकेक करून उठून गेले आणि घर राखलं हरणाऱ्याने. आणखी गंमत अशी की 2006मध्ये हान्क्यू आणि हानशिन या कंपन्या एकत्र आल्या, तेव्हा स्वतःचा विजेता संघ विकून बसलेल्या हान्क्यूच्या पदरात अखेर टायगर्स पडले.

इथे हिशेबी माणूस टीव्हीकडे बोट दाखवील आणि त्याचं बरोबरच आहे. सेंट्रल लीगमध्ये असल्यामुळे टायगर्सचे सामने जायंट्सशी व्हायचे, जायंट्सचे सामने देशभर बघितले जायचे आणि त्या प्रक्षेपणाचा पैसा बाकीच्या पाचांना मिळायचा. पॅसिफिक लीगमधल्या शेजाऱ्यांच्या नशिबी हे नव्हतं. शिवाय कोबेचं सन टीव्ही हे केंद्र टायगर्सचा सामना शेवटच्या चेंडूपर्यंत दाखवायचं, मग पुढचे कार्यक्रम गेले खड्ड्यात. हे सगळं मान्य. पण टीव्हीने फार तर सामना घरात आणून दिला. 1988च्या सप्टेंबरमध्ये सहाव्या क्रमांकावरच्या संघाचा सामना शेवटच्या चेंडूपर्यंत बघायचा, हे तर कोणी सक्तीने करून घेतलं नव्हतं. जायंट्सने 1965 ते 1973 सलग नऊ वेळा जपान सिरीज जिंकली, तोच टीव्ही तेही दाखवत होता. आपला माणूस जायंट्सला मिळाला नाही, कारण तिथे भरती नव्हती. नऊ वर्षं जिंकणाऱ्या संघाला सल्ला कोण विचारतो?

मग जिंकल्यावर हा कालव्यात उड्या का मारतो, हा प्रश्न उरतो. त्याला कामच हवं असेल तर विजयाने त्याचं तोंड उतरायला हवं. माझं उत्तर सरळ आहे: अठरा-अठरा वर्षांनी मिळालेली सुट्टी कोणीही जोरातच साजरी करील. आणि ती सुट्टीही तो नीट उपभोगत नाही. आमागासाकीच्या एका बाजारपेठेत ‘मॅजिक नंबर’चा फलक लागतो. विजेतेपद पक्कं व्हायला आणखी किती विजय हवेत ते सांगणारा हा आकडा इतरत्र हंगाम उताराला लागल्यावर पुढे येतो. इथे तो हंगामाचा पहिला चेंडू पडण्याआधीच समारंभपूर्वक लावतात. 2022मध्ये टायगर्सनी पहिल्याच सामन्यात 8-1 अशी आघाडी घेतली, तो सामना 8-10 असा गमावला आणि मग एकूण सलग नऊ सामने हरून सेंट्रल लीगमध्ये हंगामाच्या सुरुवातीचा विक्रम केला. मॅनेजरने तर हंगामाआधीच जाहीर केलं होतं की वर्षअखेर मी जाणार. कारभाऱ्याला याहून चांगली संधी कोणती? मॅनेजरची खुर्ची रिकामी होणार हे ठाऊक, संघ तळाला, आणि पेपरचं पहिलं पान आपलंच. पुढच्या वर्षी ओकादा अकिनोबू मॅनेजर झाले, त्यांनी वर्षभर ‘विजेतेपद’ हा शब्द तोंडातून काढला नाही, नुसतं ‘ते’ म्हणत राहिले, आणि 18 वर्षांनी ‘ते’, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळालं. दोतोनबोरीच्या पुलावर पोलिसांची फौज उभी होती. तरी काही जण पाण्यात गेलेच.

आता मात्र या जातीवर खरं संकट आलंय, कारण संघ बरा खेळायला लागलाय. 2025मध्ये टायगर्सनी 7 सप्टेंबरलाच लीग जिंकली. जपानी बेसबॉलमध्ये इतक्या लवकर कोणी जिंकलं नव्हतं. हंगामाचे सामने शिल्लक, फलकावर आकडा संपलेला, पिचर ताजे, वारासुद्धा मवाळ. बेकारी म्हणतात ती हीच. पण दीड महिना रिकामा बसल्यावर जपान सिरीज आली आणि समोर उभे राहिले फुकुओकाचे हॉक्स, म्हणजे ओसाकाने 1988मध्ये विकलेले तेच नानकाई हॉक्स. त्यांनी टायगर्सना 4-1 असं हरवलं. 1964, 2003, 2014 आणि आता 2025: जपान सिरीजमध्ये गाठ पडली तितक्या वेळा हॉक्सच जिंकलेत. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये पेपर उघडले गेले, बोटं पानावर टेकली, आणि विषय पिचरच्या बदलीवरून थेट नानकाई कंपनीने त्या वर्षी संघ कोणाला विचारून विकला इथवर गेला. त्या डब्यातल्या निम्म्या लोकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण आपल्याला विचारलं असतं तर हॉक्स ओसाकातून हलूच दिले नसते, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.