स्पीड फुल आहे

लखनौ छावणीतल्या आमच्या घरात इंटरनेटचा वेग उत्तम आहे, हे सुरुवातीलाच लिहून देतो. तसे कबूल केल्याखेरीज वेग मंद असल्याची तक्रार इथे बंद होत नाही. ती दुरुस्तीने बंद होत नाही, ओटीपीने होते. कंपनीचा मुलगा येतो, राउटरशेजारी उभा राहतो, स्वतःच्या फोनवर वेग मोजतो, काटा उजवीकडे टेकला की फोन माझ्या चष्म्यासमोर धरतो आणि म्हणतो, ‘‘देखिए अंकलजी, स्पीड तो फुल आ रही है.’’ त्यानंतर माझ्या फोनवर चार आकडे येतात. ते त्याला सांगितले की माझे समाधान झालेले असते. किती झाले, हे संध्याकाळी पाच चांदण्यांमध्ये विचारतात.

मुलगी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत आहे. बदलीने ती इथे आली आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात आम्हाला फार काम नसल्याने आम्ही तिच्यापाठोपाठ आलो. घर छान आहे. आवारात कडुनिंब आहे, रस्ते झाडलेले असतात, सदर बाजारात हवे ते मिळते. मराठी मालिका मात्र सदर बाजारात मिळत नाही. ती हवेतून यावी लागते, आणि हवेतून येऊन दिवाणखान्यातल्या टीव्हीमागे खोचलेल्या बोटभर स्टिकमध्ये शिरावी लागते. सायंकाळी सातला आमची ही रिमोट घेऊन बसते, नायिका दार उघडते, दारात कोण आहे ते कळणार एवढ्यात पडद्याच्या मध्यभागी एक चकती फिरू लागते. दारात कोण होते हे दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून फोनवर कळते.

आकडेवारीच्या दृष्टीने हे अशक्य आहे. २०१३ साली आपल्या देशात सेकंदाला ५१२ किलोबिट मिळाले की त्याला ब्रॉडबँड म्हणायचे. जानेवारी २०२३मध्ये सरकारने ती किमान मर्यादा २ मेगाबिटवर नेली. आमचा प्लॅन २०० मेगाबिटचा आहे, म्हणजे सरकारला जेवढ्यात समाधान आहे त्याच्या शंभरपट. नेटफ्लिक्सच्या सूचनेनुसार फुल एचडी चित्राला ५ मेगाबिट पुरतात आणि फोरके चित्राला १५. त्या हिशोबाने या घरात चाळीस नायिकांनी एकाच वेळी चाळीस दारे उघडायला हरकत नाही. आमची एक अडकते.

मी त्या मुलाला नम्रपणे सुचवले की मोजणी टीव्हीजवळ करून पाहू. त्याने माझ्याकडे काळजीने पाहिले. त्याची जबाबदारी राउटरपर्यंत असते. राउटरपासून टीव्हीपर्यंतचा प्रदेश ग्राहकाचा. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याची जबाबदारी टीव्हीपासून सुरू होते. मालिका दाखवणाऱ्या ॲपच्या मदत केंद्राने लिहून कळवले की त्यांचे सर्व्हर व्यवस्थित चालू आहेत. जो तो आपापला तुकडा मोजतो आणि तो तुकडा फुल भरतो. मंदपणा कोणाच्याही हद्दीत होत नाही.

त्यातही वेगाची ही चाचणी बहुधा जवळच्याच एखाद्या सर्व्हरशी बोलून घेतात. गावातल्या गावात जाऊन परत येण्याला किती वेळ लागला, एवढेच त्यातून समजते. मालिका कुठून येते, वाटेत कुठे गर्दी आहे, हा विषय तिच्या अभ्यासक्रमात नाही. नेटफ्लिक्सने मात्र २०१६ साली स्वतःची वेगळी चाचणी काढली. ती त्यांच्याच सर्व्हरपासून ग्राहकापर्यंतचा वेग दाखवते. मी ती टीव्हीवर चालवली. आकडा ४ आला. हा आकडा मी कंपनीच्या मुलाला दाखवला, तेव्हा तो म्हणाला की ही चाचणी त्यांच्याकडे मान्य नाही.

आता भिंतींविषयी. लखनौची जुनी छावणी गोमतीच्या उत्तरेला मडियाँवला होती. १८५७नंतर इंग्रजांनी ती हलवून इकडे दिलकुशाच्या बाजूला आणली, आणि बंगले बांधताना उन्हाळा आणि बहुधा १८५७ अशा दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या. आमचे घर त्या वळणाचे आहे. भिंत हातभर जाड. जून महिन्यात तिच्याआड बसले की मन कृतज्ञतेने भरून येते. पण जी भिंत लू अडवते ती वायफायही अडवते. तिला निवड करता येत नाही. त्यातून ५ गिगाहर्ट्झची वेगवान लहर अशा भिंतीपुढे फार लवकर हात टेकते. २.४ गिगाहर्ट्झची जुनी, संथ लहर कशीबशी पलीकडे पोहोचते. राउटर पुढच्या खोलीत आहे, कारण तार तिथून आत येते. टीव्ही दोन भिंतींपलीकडे आहे, कारण सोफा तिथे मावतो.

भिंतीला भोक पाडून तार पलीकडे न्यावी, हा उपाय कोणालाही सुचेल. मलाही सुचला. भिंत सरकारी आहे. तिला खिळा मारण्यासाठीही अर्ज करावा लागतो आणि त्यात प्रयोजन लिहावे लागते. ‘मराठी मालिका’ हे प्रयोजन मुलीने तिच्या हुद्द्याला न शोभणारे ठरवले. जवळच दिलकुशा कोठी आहे, मेजर गोर औजलीने १८०० सालाच्या सुमारास नवाब सआदत अली खानासाठी बांधलेली. तिचे छप्पर पूर्वीच गेले आहे आणि नुसत्या भिंती उभ्या आहेत. फिरायला गेलो की माझ्या मनात पहिला विचार येतो तो तिथे सिग्नल किती मोकळा फिरत असेल, हा.

खरे तर वायफाय हे तंत्रज्ञान लखनौत जन्मले असते तर कोणाला नवल वाटले नसते. १९९७मध्ये त्याचे पहिले प्रमाण ठरले तेव्हापासून त्याचा स्वभाव एकच आहे: पहले आप. प्रत्येक उपकरण बोलण्याआधी ऐकते. दुसरे कोणी बोलत असेल तर थांबते. ते गप्प झाले तरी लगेच तोंड उघडत नाही. मनाशी एक आकडा धरून तेवढे सूक्ष्म क्षण आणखी थांबते, न जाणो कोणाला काही सांगायचे असेल. तरीही दोघे एकदम बोललेच, तर दोघेही माघार घेतात आणि आधीपेक्षा जास्त वेळ थांबण्याची तयारी ठेवतात. फलाटावर एकमेकांना ‘पहले आप’ म्हणत राहिलेल्या दोन नवाबांची गाडी निघून गेली, ही गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. आमच्या घरात असे नवाब डझनभर आहेत: फोन, लॅपटॉप, जावयाचे घड्याळ, नातीची टॅब्लेट आणि फाटकावरचा कॅमेरा. त्यांत फाटकावरचा कॅमेरा सर्वांत दूर. दूरचे उपकरण हळू बोलते आणि म्हणून तेवढ्याच मजकुराला जास्त वेळ घेते. बाकीचे सगळे अदबीने उभे. दिवसभर त्याने गुलमोहर आणि दूधवाला यांचे चित्रण पाठवायचे आणि सातच्या मालिकेने वाट पाहायची.

शेजारचेही याच हवेत बोलतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत असे कागदावर दिसते. एकमेकांच्या अंगावर न जाणारे त्यांत तीनच: १, ६ आणि ११. आजूबाजूची सगळी घरे सहावर होती. मी आमचा राउटर अकरावर नेला. एक आठवडा बरा गेला. मग शेजारच्या कॅप्टनसाहेबांकडे कोणी जाणकार पाहुणा आला असावा. तेही अकरावर आले.

नातेवाइकांच्या ग्रुपवर मी हा विषय काढला, त्याचेही आता वर्ष होत आले. सल्ले अजून येतात. पुण्याचा पुतण्या म्हणाला, ‘‘काका, डीएनएस बदला, चार आठ टाका.’’ मी ८.८.८.८ टाकले. डीएनएसचे काम नावावरून पत्ता सांगण्याचे. मोठ्या व्हिडिओ कंपन्या एकाच मालिकेच्या प्रती गावोगावी ठेवतात आणि पत्ता विचारणारा कोण, यावरून जवळची प्रत देतात. मध्यस्थ दूरचा निवडला तर प्रतही कधी कधी दूरची मिळते. पत्ता मात्र अतिशय चपळाईने मिळतो. आमची चकती आता आधीपेक्षा लवकर सुरू होऊ लागली. पुतण्याला कळवले, तर त्याने अंगठा पाठवला.

धाकट्या मेहुण्याने मायक्रोवेव्ह पकडला. त्यात तथ्य होते. ही भट्टी २.४५ गिगाहर्ट्झवर चालते, म्हणजे वायफायच्याच गल्लीत, आणि तिच्या दाराच्या फटीतून थोडी कुजबुज बाहेर येतेच. सात वाजता स्वयंपाकघरात भाजी गरम होत असे. तेव्हापासून मालिकेच्या वेळात भाजी गॅसवर गरम होते, आणि ती करण्यासाठी कोणाला तरी उठावे लागते. उठणारा ‘आणि तसेही तुम्ही मालिका बघत नाही’ या तत्त्वावर निवडला जातो.

जावयाचे म्हणणे, टीव्हीच्या मागचा पत्राच स्टिकचा सिग्नल झाकतो. स्टिक बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. म्हणून खोक्यात ती टीव्हीपासून दूर लोंबती ठेवण्यासाठी वीतभर वायर देतात. ती वायर आमच्या घरात आहे. प्रत्येकाने ती पाहिलेली आहे. बदलीच्या सामानातल्या काळ्या ट्रंकेत आहे, यावरही एकमत आहे. काळ्या ट्रंका आठ आहेत.

पूर्वीची गोष्ट वेगळी होती असे मी म्हणणार नाही. पूर्वीही चित्र जायचे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले आणि लखनौचे १९७५मध्ये. दोन्हीकडे चित्र गेले की पाटी यायची. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ किंवा ‘रुकावट के लिए खेद है’. पाटी आली की माणूस उठून पाणी पिऊन येई. चूक कोणाची तरी होती आणि त्या कोणाला तरी खेद होता. चकतीला खेद होत नाही. शिवाय आता थांबण्याआधी चित्राची पत उतरवण्याची सोय झाली आहे. एकाच दृश्याचे काही सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा चांगला, मध्यम आणि फार वाईट अशा अनेक दर्जांत तयार ठेवतात. वेग घसरला की तुमचा दर्जा न विचारता खाली आणतात. त्यामुळे नायिका रडू लागली की तिचा चेहरा हळूहळू विरघळतो. सर्वांत खालच्या पायरीवर सासू, जाऊ आणि पाहुण्या बाई एकसारख्या दिसतात आणि कट कोणी रचला ते आवाजावरून ओळखावे लागते. मध्येच साबणाची जाहिरात येते. ती लख्ख असते. बाईचा केस न् केस मोजून घ्यावा. जाहिरातीत चकती फिरलेली या घरात अजून कोणी पाहिलेली नाही.

‘रीस्टार्ट’विषयी वेगळे लिहीत नाही. तो सल्ला मला डॉक्टर मुलीने, भाजीवाल्याने आणि ॲपच्या यंत्रमानवानेही दिला आहे. त्याने दहा मिनिटे फरक पडतो, आणि म्हणूनच तो कधीही खोटा ठरत नाही.

शेवटी भिंतीला हात न लावता तार नेली. राउटरच्या खोलीतल्या रोशनदानातून वर, तिथून व्हरांड्याच्या वाशांवरून फिरून, दिवाणखान्याच्या रोशनदानातून खाली. लांबी तीस मीटर. तार थेट टीव्हीत खोचली. टीव्हीचे ते तोंड १०० मेगाबिटचे निघाले, म्हणजे २००पैकी निम्मे आम्ही दरमहा भक्तिभावाने भरतो; पण चकती थांबली. दारात कोण आहे ते त्याच दिवशी, त्याच घरात, चेहऱ्यासकट दिसू लागले. एक नाही, दोन नाही, चांगले तीन आठवडे.

छावणीत माकडे पुष्कळ आहेत आणि व्हरांडा हा त्यांचा नेहमीचा रस्ता आहे. २०१५ साली वाराणसीत घाटांजवळची ऑप्टिकल फायबर माकडांनी कुरतडल्याची बातमी परदेशी वृत्तसंस्थांनीही दिली होती. आमची तर साधी निळी वायर. चौथ्या आठवड्यात ती मधोमध तुटलेली आढळली. मी तक्रार केली. तोच मुलगा आला, राउटरशेजारी उभा राहिला, वेग मोजला. मी त्याला व्हरांड्यात नेऊन वायरीचे टोक दाखवले, त्यावरचे दातही दाखवले. त्याने त्याचा फोटो काढला, फोनमध्ये काहीतरी बराच वेळ शोधले आणि म्हणाला, ‘‘अंकलजी, इस में बंदर का ऑप्शन नहीं आ रहा. स्पीड फुल लिख दूँ? ओटीपी बता दीजिए.’’