मागे घोडे आहेत

पहाटे तीन वाजता आमच्या मजल्यावर मोहरी तडतडली की समजायचं, कॅप्टन घरी आले.

पहिल्यांदा तो वास आला तेव्हा आम्ही पार्ल्यात नवे होतो. शेजारच्या माईंना झोपेत दिवस उजाडल्यासारखं वाटलं असेल, या काळजीने मी बेल वाजवली. दार उघडलं ते हाफपँट घातलेल्या, हातात झारा धरलेल्या एका पन्नाशीच्या गृहस्थाने. "या, वेळेवर आलात. जेवायलाच बसतोय." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ते तुमचं," ते म्हणाले. "माझ्या पोटात अँकरेजचा दुपारचा दीड वाजलाय." आणि माझ्यापुढे पोह्यांची बशी आली. पोहे सुरेख झाले होते, मीही खाल्ले. त्या दिवशी अकरा वाजता ऑफिसात मला जी ढेकर आली ती कोणत्या देशाच्या वेळेनुसार होती, ते अजून कळलेलं नाही.

कॅप्टन जम्बो जेट चालवतात. माई, म्हणजे त्यांच्या आई, हे वाक्य लग्नकार्यात इथेच थांबवतात. पुढचं, म्हणजे ते मालाचं आहे हे, कॅप्टन स्वतःहून सांगतात आणि समोरच्या चेहऱ्यावरचं तेज शंभर वॅटवरून झिरोच्या बल्बवर येतं. "म्हणजे... पार्सलं?" "पार्सलं." मग पुरुषमंडळींपैकी कुणीतरी आवाज उतरवून विचारतं, "आणि एअर होस्टेस?" "नसतात. जेवण आपलं आपण ओव्हनमध्ये गरम करायचं, ताट आपलं आपण उचलायचं." ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर आपण घरीही करतो, त्यासाठी पस्तीस हजार फुटांवर कशाला जायचं?

"आम्ही हमाल हो," कॅप्टन म्हणतात. "पाटी डोक्यावर घेण्याऐवजी पाठीमागे घेतो, एवढंच."

पण हमालाचा हा विनय विमानाला कुणी नावं ठेवेपर्यंतच टिकतो. जम्बोच्या डोक्यावरचं ते टेंगूळ प्रवाशांच्या चैनीसाठी आहे, असं मी एकदा बोलून गेलो. कॅप्टनांनी मला बसवूनच घेतलं. १९६०च्या दशकात बोइंगवाल्यांना वाटत होतं की लवकरच सगळी माणसं आवाजाहून वेगवान विमानांनी फिरणार आणि जम्बोला मालच वाहावा लागणार. म्हणून कॉकपिट वर नेऊन ठेवलं. नाक झाकणासारखं वर उचलता यावं आणि लांबलचक नळ, यंत्रं सरळ तोंडातून आत ढकलता यावीत. "म्हणजे टेंगूळ आमच्यासाठी. प्रवासी मागाहून घुसले," कॅप्टन म्हणाले. १९६९ साली उडालेल्या या जातीचं अगदी शेवटचं विमान जानेवारी २०२३मध्ये गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेलं, आणि तेही मालवाहूच निघालं. हे सांगताना त्यांचा चेहरा पेन्शनचा खटला जिंकलेल्या माणसासारखा दिसतो.

खालच्या मोठ्या डेकवर तीस पॅलेट, एकेक दहा फूट बाय आठ फूट, वरून जाळी आवळलेली. सगळा माल धरून वजन शंभर टनांच्या वर जातं. इंधनासकट विमान उडतं तेव्हा ३९७ टनांपर्यंत भरतं. एवढं सगळं खाली, आणि चालवणाऱ्याने शिडीवरून वर चढायचं. म्हणजे वाडा बांधला आणि मालकाला माळ्यावर ठेवला. माळ्यावर कॉकपिट, चार खुर्च्या, दोन बंक, ओव्हन आणि संडास. पार्ल्यात एवढ्या जागेला वन बीएचके म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. "आणि आमचा दरवाजा उघडला की तिसऱ्या मजल्यावरून शिडी सोडावी लागते," ते म्हणाले. आमच्या लिफ्टची अवस्था पाहता हाही फरक फारसा उरत नाही.

मालाबद्दल मात्र ते आत्याच्या मायेने बोलतात. उडण्याआधी कॅप्टनच्या हातात एक कागद येतो, त्याला त्यांच्यात 'नोटॉक' म्हणतात: धोकादायक काय चढवलंय, जिवंत काय चढवलंय, कुठल्या जागी. एक दिवसाची कोंबडीची पिल्लं खोके भरभरून जातात. अंड्यातला बलक पोटात शिल्लक असल्यामुळे त्यांना वाटेत दाणापाणी लागत नाही. ("प्रवासी म्हणून आदर्श.") फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नैरोबीहून युरोपला गुलाब. शंभर टन गुलाब पाठीशी घेऊन हा माणूस रात्रभर उडाला आणि तीन दिवसांनी घरी आला तो वहिनींसाठी हॉटेलातल्या शाम्पूच्या सहा बाटल्या घेऊन. वहिनी म्हणाल्या, "फुलाची पाकळी तरी?" कॅप्टन गंभीरपणे म्हणाले, "सील असतं गं त्याला."

आणि घोडे. शर्यतीचे, उड्या मारणारे, लाखोंचे. घोड्यांमध्येही वर्ग असतात: एका खोक्यात तिघे म्हणजे इकॉनॉमी, दोघे म्हणजे बिझनेस, एकटा म्हणजे फर्स्ट क्लास. बेल्जियममधल्या लिएज विमानतळावर त्यांच्यासाठी चक्क हॉटेल आहे. त्यांच्या दिमतीला मोतद्दार असतात. कॅप्टनच्या दिमतीला कुणी नसतं. घोडे असले की विमान अलगद चढवायचं, अलगद उतरवायचं, ब्रेक लोण्यासारखा दाबायचा, कारण घोड्याला पट्टा बांधा म्हणून सांगता येत नाही. ही सवय आता त्यांच्या हाडात मुरली आहे. एकदा स्टेशनहून आम्ही दोघं रिक्षाने येत होतो. रिक्षावाल्याने हनुमान रस्त्यावर कचकन ब्रेक मारला. कॅप्टनांनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, हळू. मागे घोडे आहेत." रिक्षावाल्याने आरशातून आधी माझ्याकडे पाहिलं.

"मग जग पाहून झालं असेल!" असं लोक म्हणतात. लंडन पाहिलं का? स्टॅन्स्टेड पाहिलं. फ्रँकफर्ट? हान पाहिलं, ते फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरवर आहे. माल जातो तिथे कॅप्टन जातात, आणि माल काही आयफेल टॉवर बघायला जात नाही. जगातल्या निम्म्या शहरांची त्यांना फक्त कुंपणं ठाऊक आहेत. हॉटेलात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे कपाटातला चिमट्याचा हँगर काढून त्याने पडद्याच्या मधली फट बंद करायची. ज्या शहराकडे लोक पैसे साठवून येतात, त्या शहराचा उजेड आत येऊ नये म्हणून हा माणूस चिमटे शोधत असतो.

अपवाद अँकरेजचा. अलास्कातलं हे गाव त्यांच्या बोलण्यात कल्याण जंक्शनसारखं येतं. हाँगकाँगहून शिकागोला एका दमात जायचं तर एवढं इंधन भरावं लागतं की माल खाली ठेवायची पाळी येते. म्हणून मध्ये अँकरेजला उतरायचं, तेल भरायचं, पायलट बदलायचे, पुढे निघायचं. जम्बो तासाला दहा-अकरा टन इंधन पितं, आणि त्यातलं बरंचसं पुढचं इंधन वाहण्यातच जातं. हे गणित कॅप्टन वहिनींना भाजी आणताना ऐकवतात. वाटेतल्या दुकानात अर्धे कांदे घेतले तर पार्ला मार्केटपासून पाच किलो वाहावे लागणार नाहीत. वहिनींनी एकदा पिशवी त्यांच्याच हातात दिली. त्यानंतर गणित थोडं थंडावलं.

याच अँकरेजने कॅप्टनांची संकष्टी अवघड केली आहे. लायसन्स मिळालं तेव्हा माईंनी टिटवाळ्याला नवस बोलला: मुलगा जन्मभर संकष्टी करील. मुलाला विचारलं नव्हतं. आता बॅगेत आयपॅडशेजारी कालनिर्णय असतं. त्यात मुंबईचा चंद्रोदय २१.१२, म्हणजे त्यांच्या जागतिक घड्याळात १५.४२ झुलू. कॅप्टन त्या वेळेला जेवून मोकळे होत. पण माईंना ते कळलं आणि त्यांनी फर्मान काढलं: "चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कसला उपास सुटतो रे?"

पुढचं कॅप्टनांच्याच तोंडून ऐकावं. अँकरेजहून हाँगकाँगला निघाले, पश्चिमेकडे. सकाळपासून पोटात फक्त दोन केळी. साठाव्या अक्षांशावर पृथ्वी फिरते ताशी साधारण ८३५ किलोमीटरने. समोरून वारा फारसा नसेल तर जम्बोही जवळपास तेवढ्याच वेगाने उलट दिशेला पळतं. पृथ्वी चंद्र वर आणतेय आणि कॅप्टन त्याला परत खाली ढकलतायत! तीन-चार तास झाले तरी चंद्र क्षितिजाखाली होता तिथेच. आणि उगवला असता तरी काय? तो उगवणार पूर्वेला, शेपटीमागे. जम्बोला मागची खिडकी नाही. बेल्जियन सहवैमानिकाने सहानुभूतीने विचारलं, वाट कसली बघतोयस? कॅप्टन म्हणाले, "पृथ्वीची." त्याने पुढचा तासभर उपकरणं जरा जास्तच लक्ष देऊन वाचली.

अखेर हाँगकाँगला उतरताना विमान वळलं आणि डाव्या खिडकीत पिवळाधमक चंद्र वर येऊन बसलेला दिसला. त्या क्षणी हात जोडायचे की चाकं खाली घ्यायची, हा प्रश्न होता. कॅप्टनांनी चाकं खाली घेतली. चोवीस तासांच्या वरचा तो उपास हॉटेलात, मेतकूट कालवलेल्या भातावर सुटला. मेतकूट सोबत असतंच.

उलटी फेरी आणखी वाईट. हाँगकाँगहून रविवारी पहाटे दोनला निघालं की वाटेत तारखेची रेषा लागते आणि अँकरेजला पोचावं तर शनिवारची संध्याकाळ. म्हणजे शनिवारी संकष्टी करून निघालेल्या माणसापुढे परत शनिवार. दुसऱ्यांदा उपास करायचा का? माईंनी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी दोन दिवस घेतले आणि निरोप दिला, मुलाला म्हणावं, बदली मागून घे.

झोपेचा विषय मी त्यांच्यापुढे काढत नाही. अमेरिकेने जानेवारी २०१४पासून पायलटांच्या विश्रांतीचे नवे, कडक नियम लागू केले. त्यातून मालवाहू विमानांच्या पायलटांना वगळलं. कॅप्टन अमेरिकन कंपनीत नाहीत, पण हे त्यांना तोंडपाठ आहे. "म्हणजे थकवा हा प्रवाशांपासून होणारा आजार आहे. आम्हाला लागण नाही."

एकदाच ते वेगळ्या आवाजात बोलले. दिवाळीच्या सेलमध्ये सोसायटीतल्या पोरांनी मोबाईल मागवले होते, दुसऱ्या दिवशी हवेत म्हणून जास्तीचे पैसे भरले होते. कॅप्टन जिन्यात थांबले. लिथियमच्या बॅटऱ्या, म्हणाले. मोठ्या डेकवर आग लागली तर विझवायला पाणीही नाही, गॅसही नाही. मास्क चढवायचे, विमानातली हवा सोडून द्यायची, पंचवीस हजार फुटांवर जायचं आणि आग गुदमरण्याची वाट बघायची. २०१० साली दुबईजवळ असंच एक जम्बो पडलं. दोघं होते. प्रवासी नव्हते, म्हणून बातमी लहान आली. मग त्यांनी एका पोराचा नवा फोन हातात घेऊन वजन केल्यासारखा तोलला. "छान आहे," म्हणाले आणि वर गेले.

पण त्यांचं खरं दुःख निराळंच आहे, आणि ते वहिनींनी मला सांगितलं. बावीस वर्षांत त्यांना एकदाही "नमस्कार, मी तुमचा कॅप्टन बोलतोय" असं म्हणायला मिळालेलं नाही. कोंबड्यांना काय सांगणार, बाहेरचं तापमान उणे पन्नास आहे म्हणून?

म्हणून गेल्या डिसेंबरात सोसायटीची बस गणपतीपुळ्याला निघाली तेव्हा वहिनींनी सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवलं होतं. अंताक्षरीचा माईक पनवेलच्या पुढे कॅप्टनांच्या हातात आला. त्याआधी त्यांनी वजनाच्या हिशेबाने माणसं पुढे-मागे बसवायचा प्रयत्न केला होता आणि सेक्रेटरींच्या बायको त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. तरी ते उभे राहिले, केसांवरून हात फिरवला आणि खर्जातल्या, मुरवून ठेवलेल्या आवाजात म्हणाले, "नमस्कार. मी तुमचा कॅप्टन बोलतोय. रत्नागिरीला आकाश निरभ्र आहे. वारा वायव्येकडून..."

"कॅप्टन, एसी जरा कमी करायला सांगा ना!" चौथ्या रांगेतून आवाज आला.

"नाश्त्याला कुठे थांबणार?"

"चिंटूला मळमळतंय, पिशवी आहे का कुणाकडे?"

"आम्हाला खिडकी सांगितली होती!"

कॅप्टन माईक धरून तसेच उभे राहिले. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो माल समोर बसला होता, आणि तो बोलत होता. त्यांनी माईक सावकाश सेक्रेटरींच्या हातात दिला आणि शेवटच्या रांगेमागे, जिथे बॅगा, पाण्याचे कॅन आणि चिवड्याचे डबे रचले होते, तिकडे गेले. एक बॅग सरळ केली, एक पट्टा आवळला, दोन होल्डॉलच्या मधली जागा हाताने चाचपली आणि तिथे पाय पोटाशी घेऊन आडवे झाले. पेणच्या आत घोरायला लागले होते.

कशेडी घाटात ड्रायव्हरने जोरात ब्रेक लावला. सगळी बस पुढे आली. कॅप्टन मात्र पट्ट्याने आवळलेल्या बॅगांमध्ये तसूभर हलले नाहीत. पुढच्या सीटवरच्या माईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि काठीने ड्रायव्हरच्या सीटवर टकटक केलं.

"हळू घे रे बाबा. मागे घोडा झोपलाय."