सगळ्यांदेखत, तेही दवाखान्यात!

अहो, ऐकलंत का? इकडे या जरा, भिंतीपाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही, भाची आतच आहे. सुट्टीला आलीय ना, वहिनीही आल्यात. तर वहिनी कधीच्या धुसफुसत होत्या, की पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलला चिकटलेली, मधेच डोळे पुसते, विचारलं तर काही नाही म्हणते. कुणी मुलगा असणार! परवा धरलंच तिला. तर मुलगा निघाला खरा... पण कोण? रीमस ल्युपिन!

अहो तोच, हॅरी पॉटरचा मास्तर, ठिगळांच्या झग्यातला. त्याच्यावर म्हणे जगभरच्या पोरीबाळी स्वतःच्या मनानं गोष्टी लिहितात, आणि ही त्या वाचते. वहिनींचा चेहरा असा पडला! रागवावं की हसावं, तेच कळेना. शेवटी म्हणाल्या, "अगं, पण प्रेमात पडायला असला रडवा कशाला? चांगला उमदा हीरो नाही का मिळाला?" भाची फणकारली, "उमदा हीरो ड्रॅगन मारतो आणि घरी जातो. त्याच्यावर लिहायचं काय?"

तर काय सांगत होते... हां, ल्युपिन. त्याचं नि टाँक्सचं प्रेम कसं उघडकीला आलं, आठवतंय ना? २००५च्या पुस्तकात, शाळेच्या दवाखान्यात! साथीदार बिलचा चेहरा ग्रेबॅक नावाच्या नरलांडग्यानं फाडलेला, त्याची आई तिथेच, मॅकगॉनगलबाई तिथेच, आणि ही टाँक्स सगळ्यांदेखत याचा झगा धरून याला गदागदा हलवतेय. आणि हा काय म्हणतो, तर माझं वय झालं, खिशात दमडी नाही, वर माझ्यापासून तुलाच धोका. मान खाली! आता पौर्णिमेला लांडगा होतो तो, कबूल. पण उरलेला महिनाभर? बिलच्या आईनं, मोलीबाईंनीसुद्धा त्यालाच झापलं, तिला नाही.

मजा तिथेच आहे हो. अख्ख्या आळीला ठाऊक, की हा माणूस हिरा आहे, आणि त्याला एकट्याला पत्ता नाही! वाचणारीचा जीव नुसता खालीवर होतो, सांगा रे कुणीतरी याला. मूळ पुस्तकात सांगायला कुणाला सवड आहे? तिकडे युद्ध पेटलेलं. मग या पोरी त्याला खुर्चीत बसवतात, चहा देतात, बोलतं करतात. 'हर्ट-कम्फर्ट' म्हणतात त्याला. आधी दुखवायचं, मग गोंजारायचं.

पण एक सांगू? काहीजणी अतीच करतात. ताप काय, चक्कर काय, बोललं की डोळ्यांत पाणी. अहो, ल्युपिन दुबळा नाहीये! नेव्हिलसारख्या घाबरट पोराकडून स्नेपमास्तरांचं रूप घेतलेल्या भुताला आजीचे कपडे नि गिधाडाची टोपी घालायला लावणारा मास्तर तो. वर्ग कसा खिदळला होता! इतरांना धीर देणारा स्वतःपाशी आला की कोसळतो, म्हणून तर पोटात तुटतं. नुसतंच मुळूमुळू रडणाऱ्यासाठी कोण जागेल दोन वाजेपर्यंत?

आणि हे खूळ काही आजचं नाही. 'स्टार ट्रेक'चा स्पॉक घ्या. टोकदार कानांचा, भावनाबिवना काही नाही म्हणणारा. १९६७ साली त्यानं काय केलं? आपल्याच हातून कर्णधार कर्क मेला असं समजून बिचारा स्वतःला अटक करवून घ्यायला आला, तर समोर कर्क जिवंत उभा! कसला हसला हो, दोन्ही दंड धरून! नर्स बघतेय, डॉक्टर बघतोय, म्हटल्यावर लग्गेच तोंड कोरं. हेही दवाखान्यातच, बरं का! त्याच वर्षी न्यूयॉर्ककडच्या बायकांनी त्याच्या नावानं 'स्पॉकनेलिया' नावाचा अंक काढला, सायक्लोस्टाइल करून. कर्णधार सोडून त्याच्याच नावानं!

भाचीचं हे सगळं सासूबाई तांदूळ निवडता निवडता ऐकत होत्या. म्हणाल्या, "यात नवीन काय? आमच्या कर्णाचं काय मग?" 'मृत्युंजय' हो! तेही १९६७चंच. एवढा धनुर्धर, पण सूतपुत्र म्हटलं की काळजात कळ. सावंतांनी त्याला बोलतं केलं आणि अख्खा महाराष्ट्र रडला. वहिनींचा आवाज एकदम खाली. लग्नाआधी त्यांच्या उशाशी तेच पुस्तक असायचं, माझ्या भावानंच मला सांगितलंय.

मग सासूबाईंनी हळूच विचारलं, "त्या टाँक्सचं पुढे काय झालं गं?" मेले म्हणे दोघं युद्धात, तान्हं पोर मागे ठेवून. सासूबाईंचे तांदूळ थांबले. भाची म्हणाली, "आजी, आमच्याकडे जगतात ते."

"आणि कर्ण?"

"त्याच्याही गोष्टी आहेत, भरपूर. एकीत तर कुंती वेळेवर येते."

वहिनी म्हणाल्या, "आधी ती लाव."