ब्रूनोची पाठवणी

अगं, थांब जरा. गॅसवर दूध नाही ना ठेवलंयस? मग ये इकडे भिंतीपाशी, तिथून ओरडून बोललीस तर अख्ख्या सोसायटीला कळेल. तुझ्या सासूबाई काल सांगत होत्या, गणपतीला तुम्ही सगळे गावी निघालात आणि ब्रूनोला पिरंगुटच्या बाजूला कुठेतरी बोर्डिंगला ठेवणार. सांगता सांगता डोळ्याला पदर! मी म्हटलं, अहो, लॅब्रॅडॉर आहे तो, सासरी नाही चाललाय.

नाही नाही, ठेवू नका असं मी कुठे म्हणतेय? ठेवताय तेच बरं. ताम्हिणीच्या वळणांवर तो गाडीत ओकणार. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत टाका. आणि गणपतीत कोकणच्या गाडीत माणसांनाच उभं राहायला जागा नसते. पोहोचलात तरी घरभर पाहुणे, सोवळ्यातलं स्वयंपाकघर, आणि रात्री अंगणात बांधलात तर बिबट्या. हसतेस काय? बिबट्याला दारातलं कुत्रं म्हणजे आयतं जेवण. विचार तुझ्या नवऱ्याला, त्याच्याच गावची गोष्ट आहे.

जागा पक्की केलीत ना पण? गणपती, दिवाळी आणि मे महिना, या तीन वेळांना तिकडे आधीच सगळं भरलेलं असतं. केलीत? शाबास. मग आता त्याचं लशींचं पुस्तक काढ आणि तारखा बघ. 'असेल कपाटात' म्हणू नकोस, काढून बघ. त्या कोपऱ्यावरच्या बँकवाल्यांचं काय झालं ठाऊक आहे ना? मे महिन्यात सांगलीला लग्न. गाडीत बॅगा, आहेर, सगळं भरून पॉमेरेनियनला घेऊन बोर्डिंगच्या दारात उभे. तिथल्या माणसाने पुस्तक उघडलं तर रेबीजच्या लशीची मुदत मार्चमध्येच संपलेली. घेतलं नाही आत. मग काय, गेलं ते कुत्रं लग्नाला. मंगलाष्टकांत प्रत्येक 'सावधान'ला भुंकत होतं म्हणे. बाई अजून त्या बोर्डिंगवाल्याच्या नावाने बोटं मोडतात. मला विचारशील तर त्याने बरोबर केलं. जो तुमचं पुस्तक न बघता आत घेतो, त्याने शेजारच्या खोलीतल्या कुत्र्याचंही बघितलेलं नसतं.

रेबीजची आणि ती नाइन इन वन म्हणतात ती, दोन्हींच्या तारखा बघ. त्या दुसरीत लेप्टोचीही असते, पावसाळ्यात तिला फार महत्त्व. उंदीर-घुशींच्या मुतातून ते साचलेल्या पाण्यात येतं, आणि आपलं बाळ प्रत्येक डबक्यात तोंड घालतं. शिवाय केनेल कफची लस वेगळी. ती लोक हमखास विसरतात, कारण घरात एकट्या राहणाऱ्या कुत्र्याला तिच्यावाचून फारसं अडत नाही. पण जिथे पंधरा-वीस कुत्री एका छपराखाली राहतात तिथे एकाला झाला की सगळ्यांना. घशात माशाचा काटा अडकल्यासारखी खॉक खॉक करत बसतात, कधी आठवडा, कधी तीन. नाकात थेंब घालूनही देतात ती लस. फक्त निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांकडे पळू नका. बहुतेक लशी अंगी लागायला दोनेक आठवडे जावे लागतात, आणि लस दिल्यावर एखादा दिवस कुत्रं मलूलही असतं. तशात परक्या जागी कशाला टाकायचं? जंताचं औषध राहिलं असेल तर त्याच खेपेत उरकून घे.

आणि गोचिडी! बघ, बघ, आत्तासुद्धा कान खाजवतोय. गोचीडतापाने रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात, साधी गोष्ट नाही ती. महिनाभर चालणारी गोळी मिळते, तीन महिने चालणारीही मिळते. डॉक्टरांकडून वजन करून घे आणि त्याप्रमाणे दे. मानेवर सोडायचं औषध वापरत असाल तर त्याच्या आगेमागे दोन दिवस अंघोळ नको. सासूबाईंना हे आत्ताच सांगून ठेव, नाहीतर निघायच्या दिवशी त्याला न्हाऊमाखू घालतील.

खरी गंमत पुढे आहे. तुमच्याकडे श्रावण पाळतात. म्हणजे ब्रूनोही पाळतो, हो ना? बिचाऱ्याचं अंडं बंद, चिकन बंद, थेट गणपती उठेपर्यंत पोळी नि दहीभात. आणि बोर्डिंगमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या पुढ्यात चिकन-भात! तो खाईल गं, लॅब आहे, भांडंसुद्धा खाईल. पण दुसऱ्या दिवशी पोट सुटेल आणि तुमचे हे फोनवर म्हणतील, तिथलं पाणी बाधलं. पाणी नाही, बदल बाधतो. एकतर आत्तापासून त्याचं वेगळं शिजवायला लाग, आठवडाभरात थोडं थोडं वाढवत ने. ते सासूबाईंना चालणार नसेल, तर इथे जे खातो तेच कोरडं खाणं बांधून दे. एका वेळचं एका पुडीत, आणि चार पुड्या जास्तीच्या. घाटात दरड कोसळली तर तुम्ही काही ठरल्या दिवशी परत येत नाही. प्रसादाचं मात्र काही पाठवू नका. बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, कांदाही त्यांना विषच.

अजून एक. तुझ्या सासूबाई त्याला हाताने भरवतात. मी पाहिलंय, खिडकीतून. मुद्दाम बघायला गेले नव्हते, दिसलं. पलीकडच्या गल्लीतल्या त्या निवृत्त मास्तरीणबाईंचा मोती असाच. घास करून तोंडात द्यायचा, वर 'हा काऊचा, हा चिऊचा' म्हणायचं. बोर्डिंगमध्ये काऊ-चिऊ कोण करणार? तिथल्या पोराने भांडं ठेवलं, मोतीने भांड्याकडे पाठ केली. रात्री नाही, सकाळी नाही. नशीब, ती नुसती चाचणीची खेप होती. नंतर बाईंनी महिनाभर घरी भांड्यातच वाढलं, मन घट्ट करून, मग तो सुधारला. तसा नव्या जागी पहिला दिवस अन्नाला न शिवणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण दुसरा दिवसही तसाच गेला किंवा पाणीही पीत नसेल तर डॉक्टरांना दाखवायचं, हे तिथे आधीच बोलून ठेवा.

तीच चाचणी तुम्हीही करा. येत्या रविवारी नुसता दिवसभर सोडा, त्याच्या पुढच्या आठवड्यात एक रात्र. इथे सोडतात आणि इथून परत नेतात, एवढं एकदा त्याच्या डोक्यात बसलं की पुढचं सोपं. आणि झोपतो कुठे तो? तुझ्या लेकाच्या पायाशी, पलंगावर, पंख्याखाली. तिथे जाळीचं दार असलेली खोली असणार, दिवा मालवणार, शेजारी कोणीतरी अल्सेशियन घोरणार. आजपासून हॉलमध्ये झोपव. दिवसाही अर्धा-पाऊण तास, चघळायला काहीतरी देऊन, एका खोलीत दार लावून एकटा ठेव. आत रडत असताना मात्र दार उघडायचं नाही, गप्प झाला की उघडायचं. आजींना त्या वेळात देवळात पाठव.

जागा तू स्वतः बघितलीस की नुसते मोबाइलवरचे फोटो? अगं! फोटोत सगळीकडे हिरवळच असते. न सांगता जा, दुपारी. आत शिरताना आधी वास घे. थोडा वास येणारच, पण डोळे चुरचुरले तर मागे फिर. फरशी ओली आहे का, पाण्याची भांडी शेवाळलेली आहेत का, रात्री तिथे माणूस झोपतो की कुलूप लावून घरी जातो, जवळचा डॉक्टर किती लांब, हे विचार. आमच्या ओळखीतल्या एकांनी स्वस्त म्हणून ठेवलं, तर गच्चीवर साखळीने बांधलेली कुत्री, वर नुसता पत्रा. आणि मुख्य म्हणजे त्या माणसाने तुला काय विचारलं ते सांग. चावतो का, दुसऱ्या कुत्र्यांशी पटतं का, कशाला घाबरतो, काही विचारलं? नुसतेच दिवस आणि पैसे विचारणारा मला आवडत नाही. गणपतीचे दिवस आहेत, आसपास मंडळाचा मांडव पडणार का, तेही विचारून घे. आपल्याला ढोल ऐकून स्फुरण चढतं, त्यांचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट.

वरच्या मजल्यावरचा तो आयटीवाला माहीत आहे ना, ज्याची बायको माहेरी गेलीय… ते नंतर सांगते, मोठं आहे. तर तो गोव्याहून रोज रात्री बीगलला व्हिडिओ कॉल लावायचा. कुत्र्याला आवाज ऐकू येतो, वास येत नाही, माणूस सापडत नाही. फोन बंद झाला की ते खोलीभर शोधत फिरायचं आणि मग पहाटेपर्यंत सूर लावायचं. शेवटी बोर्डिंगवाल्यानेच हात जोडले. फोटो मागवा, काय खाल्लं विचारा, पण त्याच्याशी बोलू नका.

सोडायला नवऱ्याला पाठव, सकाळच्या वेळी. म्हणजे दिवसभरात जागा ओळखीची होते, रात्र जड जात नाही. आधी भरपूर चालवून आणा. न धुतलेली चादर द्या, तुमच्या वासाची. हो, न धुतलेली. तिथे पोचल्यावर साखळी हातात द्यायची, 'येतो रे' म्हणायचं आणि वळायचं. गळ्यात पडणं, औक्षण, काही नको. सासूबाई गाडीत बसते म्हणाल्या तर काहीतरी कारण काढ.

पट्टा नीट बघ, दोन बोटं जातील एवढाच सैल. परक्या माणसाच्या हातून कुत्री सुटतात ती बहुतेक पहिल्याच दिवशी, मान मागे ओढून. आणि पट्ट्यावर नंबर कुणाचा? तुझा? तुमच्या गावी रेंज मिळवायला आंब्याच्या झाडावर चढावं लागतं! माझा नंबर घाल. एका कागदावर लिहूनही दे की वेळ पडली तर या काकूंना विचारून डॉक्टरकडे न्यावं, खर्च आम्ही देऊ. किती रुपयांपर्यंत ते नवऱ्याला विचारून घाल, नंतर मला ऐकायला नको.

परत आल्यावर दोन दिवस नुसता झोपेल, ढसाढसा पाणी पिईल. तिथे भुंकून भुंकून दमतात ती. घसा बसलेला असला तरी लगेच घाबरू नका. पण खोकला लागला, नाक गळायला लागलं, तर डॉक्टर, आणि तोवर बागेत इतर कुत्र्यांत सोडायचा नाही. पायांच्या बोटांच्या बेचक्यात आणि कानांमागे गोचिडी तपासा.

बरं, आता जा, तुझा कुकर तिसऱ्यांदा बोंबलला. आणि येताना मला आमसुलं आण हं, अर्धा किलो. मागच्या वेळी आणलीस ती मिठानेच भरलेली होती, या वेळी बघून घे. आणि संध्याकाळी भिंतीपाशी ये, त्या आयटीवाल्याच्या बायकोचं राहिलंय.