आधी राजीनामा, मग कविता?

चित्रं काढणाऱ्या, लिहिणाऱ्या, नाटकात काम करणाऱ्या तरुणांना हल्ली एकच सल्ला सगळीकडून मिळतो: नोकरी सोड, कलेला वाहून घे, बाकीचं आपोआप जमून येईल. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत तो पैसे मोजून मिळतो, मोबाइलवर फुकट मिळतो. सल्ला देणाऱ्याचं घर या सल्ल्यावर चालतं. ऐकणाऱ्याचं घरभाडं कोण भरणार, याबद्दल मात्र तो चकार शब्द काढत नाही.

माझा या सल्ल्यावर राग आहे, कारण त्याने चांगली माणसं वाया जाताना दिसतात. पंचविशीतला मुलगा नोकरी सोडतो, वर्षभरात शिल्लक संपते, आणि मग पोटासाठी मिळेल ते काम घेणं आलं. रात्री बारा वाजता मालिकेचा दुसऱ्या दिवशीचा भाग लिहून द्यायचा, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायचा, पैसे तीन महिन्यांनी. ज्या कथेसाठी राजीनामा दिला ती कथा कुठल्या कुठे राहते. ऑफिसात निदान संध्याकाळी सहा वाजता डोकं मोकळं होत होतं.

प्रभाकर बरव्यांचं उदाहरण कार्यशाळांत कुणी देत नाही. आधुनिक भारतीय चित्रकलेतलं हे मोठं नाव. जे. जे.मधून शिकून बाहेर पडल्यावर 1961 साली ते सरकारच्या विणकर सेवा केंद्रात लागले आणि सुमारे दोन दशकं तिथेच राहिले. काम काय, तर हातमागासाठी नक्षी तयार करायची. पहिली नेमणूक बनारसला. तिथल्या मुक्कामात त्यांना तंत्रपरंपरेतल्या आकृती भेटल्या आणि त्यांच्या त्या काळातल्या चित्रांत उतरल्या. म्हणजे नोकरीने त्यांना चित्रकलेपासून तोडलं नाही, चित्रांना विषय पुरवला. पुढे मुंबईत आल्यावर त्यांच्या कॅनव्हासवर घड्याळ, पान, किल्ली अशा साध्यासुध्या वस्तू सुट्या, शांत, एकमेकींपासून नेमक्या अंतरावर दिसू लागल्या. रंगही दाराखिडक्यांना लावतात तो एनॅमल. हातमागाची नक्षी करताना धाग्याला जागा मोजून द्यावी लागते. रिकाम्या जागेचा तो हिशेब बरव्यांच्या चित्रांत पुरेपूर आहे, असं मला कायम वाटत आलं आहे.

आणि ते रोजनिशा ठेवत. आज काय दिसलं, वस्तू आणि तिची सावली यांचं काय नातं, रेघ कुठे थांबावी, अशा नोंदी आणि बाजूला छोटी रेखाटनं. वर्षानुवर्षं. त्याच चिंतनातून 1990 साली ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक झालं. कलेतली वाढ म्हणतात ती काय असते हे कुणाला बघायचं असेल तर त्याने ते वाचावं. त्यात स्फुरणाचा गाजावाजा नाही. एक माणूस आपल्याला काय दिसतं आणि काय अजून दिसत नाही, याचा प्रामाणिक हिशेब लिहितो आहे.

दुसरा घातक सल्ला पहिल्याच्या पाठोपाठ येतो: आधी नाव करा. काम नंतर. पान उघडा, फोटो टाका, ‘लेखक’ म्हणून स्वतःची ओळख लिहा. मला इथे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आठवतात. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. त्या वेळी नारळीकरांचं नाव देशभर माहीत होतं. पद्मभूषण मिळूनही जवळजवळ दशक लोटलं होतं. त्यांनी ‘कृष्णविवर’ नावाची कथा लिहिली आणि स्वतःचं नाव न घालता ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. आपली आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली होती. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांनी लिहून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

त्यांनी आपल्या नावावर कथा पाठवली असती तर कुठल्या संपादकाने नाकारली असती? पण मग ती बरी आहे की वाईट, हे त्यांना कळलंच नसतं. ज्याला खरोखर वाढायचं आहे त्याला हे कळून घ्यायची भूक असते. ‘छान आहे’ म्हणणारे मित्र प्रत्येकाला असतात. नाव झाकलेला कागद अनोळखी माणसाच्या हातात द्यायला छाती लागते.

घाईबद्दलही बोललं पाहिजे. दर आठवड्याला काहीतरी बाहेर टाकत राहा, नाहीतर लोक विसरतील, असं तरुणांच्या मनावर बिंबवलं जातं. कवी अरुण कोलटकर मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात कलादिग्दर्शक होते, त्या धंद्यात नावाजलेले होते. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह आला 1977 साली. ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ ही पुस्तकं आली 2003 साली. मध्ये सव्वीस वर्षं. कोलटकर तोवर रिकामे बसले नव्हते. लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते, आणि पुस्तक काढायची त्यांना घाई नव्हती. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते हयात नव्हते. लोक त्यांना विसरले का? आजही मराठी कवितेबद्दल बोलणं निघालं की पहिल्या काही नावांत त्यांचं नाव येतं.

आता गायक वसंतराव देशपांडे. माझ्या म्हणण्याला त्यांचा छेद जातो, म्हणूनच त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे. वसंतराव सुमारे दोन तपं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. साठच्या दशकाच्या मध्याला त्यांनी नोकरी सोडली, आणि 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेने महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं. नोकरी सुटली नसती तर हे घडणं अवघड होतं, हे मान्य. पण ती सोडली तेव्हा त्यांचं वय चाळिशीपार होतं. लहानपणी नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे सुरू झालेलं शिक्षण, पुढे वेगवेगळ्या घराण्यांकडून वेचलेली गायकी, हे सगळं गळ्यात मुरलेलं होतं. गाण्याने नोकरीत मावायचं नाकारलं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. गाणं सुरू करण्यासाठी सोडली नाही.

हा फरक तरुणांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवा. तुमच्याकडे पुरी झालेली दहा कामं असतील, अकरावं ऑफिसच्या वेळेत घुसत असेल, कुणीतरी त्याचे पैसे द्यायला तयार असेल, तर जरूर सोडा, आनंदाने सोडा. वहीत तीन सुरुवाती आहेत आणि एकही शेवट नाही, तर मोकळा वेळ मिळूनही चौथी सुरुवातच होईल. अर्धवट राहिलेल्या कामाने माणूस काही शिकत नाही. शेवटच्या पानाशी झटताना कळतं की पहिलं पान खोटं होतं, आणि ते शिक्षण दुसऱ्या कुठल्याही वाटेने मिळत नाही.

मात्र ‘नोकरीनंतरच्या फावल्या वेळात करा’ हे मी म्हणते तेव्हा तो फावला वेळ कुणाला आहे, हेही मला ठाऊक आहे. सहा वाजता ऑफिसातून निघणाऱ्या बाईचं घरी पोचल्यावर दुसरं काम सुरू होतं. बहिणाबाई चौधरींनी शेतात राबताना आणि घरकाम करताना गाणी रचली. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, आणि नातलगाने ती उतरवून घेतली म्हणून टिकली, आणि पुस्तक निघालं ते त्या गेल्यानंतर, 1952 साली. बाई कष्टातही किती मोठं रचते, याचा पुरावा म्हणून आपण हे कौतुकाने सांगतो. मला त्यात दुसरंही दिसतं. उतरवून घेणारं कुणी नव्हतं अशा किती जणींचं काय झालं असेल, याची मोजदाद कुठेच नाही.

म्हणून या आठवड्यात माझं मागणं कलावंतांकडे कमी आणि त्यांच्या घरच्यांकडे जास्त आहे. तुमच्या घरात कुणी लिहिणारी, गाणारी, चित्र काढणारी असेल, तर तिला रोजचा एक तास ठरवून द्या. त्या तासात कुकर तुम्ही लावा, मुलांचा अभ्यास तुम्ही घ्या, बेल वाजली तर दार तुम्ही उघडा. आणि तासाभराने ती बाहेर आली की ‘काय लिहिलंस, दाखव’ म्हणू नका. दाखवायचं असेल तेव्हा ती दाखवेल.